मावशींची खोली भाड्याने नाही

मी मावशींची खोली इंटरनेटवर विकायला काढली, तेव्हा मावशी त्या खोलीत राहत होत्या. म्हणजे खोली नाही, खोलीचा फोटो. पण पुढे जे झालं ते बघता हा फरक फक्त मलाच दिसत होता.

चूक माझी. पण ती माझ्या शाळेमुळे झाली, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. आमच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांनी एकच गोष्ट जीव तोडून शिकवली: कागदावरचा एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. उत्तर येत नसेल तर सुचेल ते लिहा, अर्धा मार्क कुठे गेला नाही. त्या अर्ध्या अर्ध्या मार्कांच्या जोरावर मी पदवीपर्यंत पोचलो आणि शहरात येऊन नोकरीला लागलो. अजूनही फॉर्म समोर आला की हात थांबत नाही. वडिलांचा व्यवसाय विचारला तर मी आजोबांचाही लिहून मोकळा होतो.

नोकरी होती लिफ्टच्या कंपनीत. आमची कंपनी लिफ्ट बसवत नाही, दुसऱ्यांनी बसवलेल्या सांभाळते. माझं काम आदल्या दिवशीच्या तक्रारी कॉम्प्युटरवर चढवणं, बिलं काढणं आणि प्रिंटर रुसला की त्याची समजूत घालणं. माझ्या टेबलाच्या पलीकडे काचेचं पार्टिशन, आणि पार्टिशनच्या पलीकडे लिफ्टमावशी.

शहरातल्या तीनशे चाळीस लिफ्टमध्ये आमचं लाल बटण आहे. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस ते दाबतो आणि मावशींच्या टेबलावरचा दिवा लुकलुकायला लागतो. मावशी हेडफोन कानाला लावतात, मेकॅनिकला पत्ता सांगतात, आणि मग त्यांचं खरं काम सुरू होतं. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. आत किती जण आहात? दिवा चालू आहे का? आणि कुठल्या मजल्यावर निघाला होतात? पहिले दोन कंपनीच्या नियमातले. तिसरा त्यांनी स्वतः घातलेला.

"कुठे निघालो होतो ते सांगायला लागला ना, की माणूस घाबरायचं विसरतो," त्या म्हणायच्या. "आणि पाच मिनिटांत येतोय असं कधी सांगायचं नाही. माणूस निघालाय, एवढंच सांगायचं. सहावं मिनिट फार वाईट असतं."

कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा एक बाई सातव्या मजल्यावर सख्ख्या बहिणीशी भांडायला निघाली होती आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये अडकली. बावीस मिनिटांत तिने ते भांडण मावशींशी संपूर्ण करून घेतलं. बहिणीच्या बाजूने मावशी बोलत होत्या. मी पार्टिशनला कान लावून बसलो होतो.

"मग? वर जाऊन भांडली का?" मी नंतर विचारलं.

"मला काय माहीत! दार उघडलं की लाइन तुटते."

"थँक्यू तरी म्हणाली?"

"दार उघडल्यावर कोण थांबतं रे? तूही थांबला नसतास."

असं जवळजवळ तीस वर्षं. हजारो लोकांच्या गोष्टी त्यांना अर्ध्यापर्यंत ठाऊक होत्या, आणि त्यातला एकही चेहरा रस्त्यात समोर आला असता तर ओळखता आला नसता. घरचं माणूस म्हणजे परगावचा एक धाकटा भाऊ. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा ऑफिसात फोन यायचा आणि "बाकी काय" पर्यंत पोचला की संपायचा. लग्नाचं कोणी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "निघालं होतं. मधल्या मजल्यावर अडकलं."

आणि एवढं सगळं करून त्या राहायच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला, तीन जिने.

फोटोंचं प्रकरण असं. मावशींनी आयुष्यात अकरा खोल्या भाड्याने घेतल्या. पहिली सोडताना मालकाने छतावरच्या डागासाठी डिपॉझिट कापलं. "तो डाग माझ्या आधीपासून तिथे राहत होता," त्या सांगायच्या, "पण त्याचं ऐकणार कोण आणि माझं तरी कोण?" तेव्हापासून त्यांनी नियम केला. नव्या खोलीत सामान टाकायच्या आधी चारही कोपऱ्यांचे फोटो, खिडकीचा एक, नळांचे, दारामागचा. खोली सोडताना पुन्हा तेच, त्याच जागेवर उभं राहून. सुरुवातीच्या खोल्यांचे फोटो कागदावरचे होते. मागे पेन्सिलने लिहिलेलं: "आत जाताना" आणि "बाहेर पडताना". मधली वर्षं कुठल्याच फोटोत नव्हती. दोन फोटो शेजारी ठेवले तर भिंतीचा रंग थोडा उतरलेला दिसायचा, बस.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हे दाखवलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्या दिवसांत मी फोटो विकणाऱ्या एका साइटवर आमच्या गावच्या विहिरीचे आणि सायकलींचे फोटो चढवायचो. जाहिरातवाले, छापखानेवाले तिथून लागेल तो फोटो थोडक्या पैशांत विकत घेतात. माझी विहीर आजवर कोणी घेतली नव्हती.

"मावशी, रिकाम्या खोल्यांना मागणी असते! रंगवाले घेतात, विमावाले घेतात. टाकू?"

"माझ्या खोल्यांत कोणाला काय बघायचंय?"

"काही नाहीये, तेच तर बघायचंय."

त्या हसल्या. "टाक बाबा. पण आत्ताची सोडून. तिथे मी राहते."

"हो हो," मी म्हटलं, आणि त्याच दुपारी कागदावरचे फोटो स्कॅन करून, त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंसकट अख्खं फोल्डर एका दाबात वर चढवलं. आत्ताच्या खोलीचे "आत जाताना"चे फोटो त्याच फोल्डरात होते हे माझ्या लक्षात आलं नाही. मग साइटने फॉर्म पुढे केला. नाव, वर्णन, ठिकाण. मी बाह्या सरसावल्या. जुन्या खोल्यांचे पत्ते मावशींनी हौसेने सांगितले होतेच. अकराव्याचा पत्ता मला आठवेना, म्हणून मी उठून कर्मचाऱ्यांच्या रजिस्टरमधून तो काढला. रजिस्टर काढताना तरी डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मी लिहिलं: शांत, हवेशीर खोली, एका माणसाला पुरेशी, तिसरा मजला, इमारतीचं नाव, रस्त्याचं नाव. सगळे रकाने भरले. हेडमास्तरांना दाखवावा असा फॉर्म.

चारेक महिने काहीच झालं नाही. मग एका सोमवारी मावशी पार्टिशनवरून डोकावल्या. मला त्या मास्तर म्हणायच्या, माझ्या अक्षरावरून.

"मास्तर, आमच्या तिसऱ्या मजल्यावर एखादी खोली रिकामी झालीय का रे?"

"मला काय ठाऊक? राहता तुम्ही."

"तेच ना. काल तीन माणसं खोली बघायला येऊन गेली. माझ्याच दारात." त्या खुर्ची ओढून बसल्या. "पहिली दोघं नवरा-बायको. तिने पर्समधून टेप काढली आणि माझ्या कपाटामागची भिंत मोजली! मी म्हटलं, अगं, इथे मी राहते. तर म्हणते, हो ना काकू, तुम्ही निघालात की आम्ही येऊ."

"मग तुम्ही हाकललं की नाही?"

"चहा केला."

"चहा?"

"तीन जिने चढून आलेली माणसं, दारातून परत पाठवू?"

मी पोट धरून हसलो. मला वाटलं, कोणीतरी शेजारच्या इमारतीऐवजी यांच्या इमारतीत शिरलं असेल. पण पुढच्या रविवारी पाच जण आले. त्यातली एक नर्स होती. तिला मावशींनी नळाची खरी हकीकत सांगितली, की सकाळी पहिलं अर्धं मिनिट पाणी पिवळं येतं, ते सोडून द्यायचं. एक उंच माणूस खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "इथे झोप लागेल." बायकोपासून वेगळा झालेला, नुकताच.

"त्याला काय सांगितलं?"

"सांगितलं, लागते."

त्या सोमवारी मावशींच्या बोलण्यात एक नवीनच तरतरी होती. लाल दिवा लागला तरी त्यांना गोष्ट अर्धी सोडवत नव्हती. त्यांच्याकडे तीन कप होते, ते कमी पडले म्हणून त्या सहा कपांचा सेट घेऊन आल्या होत्या. आणि हेही मला आज कळतं, तेव्हा नाही: ज्या माणसांचे आवाज ऐकण्यात त्यांचा जन्म गेला, तशी माणसं पहिल्यांदाच चेहऱ्यांसकट त्यांच्यापुढे बसत होती. दार उघडल्यावरही थांबत होती.

त्या नर्सने जाहिरातीच्या साइटचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मावशींनी ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी साइट उघडली.

त्यांचीच खोली. तीच खिडकी, तेच दार, तोच कोपरा. भाडं निम्मं. खाली इमारतीचं नाव आणि रस्ता. खोली अडवून ठेवायला आगाऊ रक्कम कुठे पाठवायची तेही.

मावशी स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता.

"माझ्या चपला कुठे गेल्या?"

मूळ फोटोत दाराशी डाव्या बाजूला त्यांच्या तपकिरी चपला होत्या. नव्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकताना काढलेल्या. बाकी खोली मोकळी, फक्त त्या दोन चपला. जाहिरातीत त्या पुसून टाकलेल्या होत्या. पुसणाऱ्याने कामही धड केलं नव्हतं, त्या जागी फरशीच्या दोन रेघा एकमेकींना जुळत नव्हत्या.

"आता ही 'बाहेर पडताना'ची दिसते," मावशी म्हणाल्या.

एखादा फोटो देऊन तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे कुठे आहे ते शोधायची एक सोय असते. मी मुकाट्याने तो फोटो तिथे टाकला. मग बाकीचेही एकेक करून टाकले. पानं भरत गेली. मावशींच्या अकराही खोल्या जगभर हिंडत होत्या. कुठे रंगाच्या डब्याशेजारी, कुठे दुसऱ्याच गावात भाड्याला, कुठे "सामान कमी करा, सुखी व्हा" अशा लेखाच्या डोक्यावर.

"ही दुसरी. या खिडकीत कबुतरं बसायची. ही पाचवी, हिचं दार पावसात फुगायचं." त्या ओळखत गेल्या, गर्दीतून आपली माणसं ओळखावीत तशा. मग एका चित्रापाशी थांबल्या. नवव्या खोलीत कोणीतरी एक सोफा आणून चिकटवला होता, उंच दिवा ठेवला होता, आणि आई-वडील आणि दोन पोरं खदाखदा हसत बसली होती. कुठल्या तरी कर्जाची जाहिरात.

मावशींनी धाकट्या पोरीवर बोट ठेवलं.

"बरी दिसतायत," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात ओल यायची पण. त्या धाकटीला तिथे नको होतं बसवायला."

मग माझ्याकडे वळल्या. "पण आत्ताची खोली यात कशी आली रे? आणि पत्ता?"

खरं उत्तर माझ्या खात्यात होतं, त्याच कॉम्प्युटरवर, चार क्लिकच्या अंतरावर, "ठिकाण" या रकान्यात. मी म्हटलं, "इंटरनेटवर असंच असतं मावशी. लोक काय वाटेल ते करतात."

त्यांनी मान डोलावली. विश्वास ठेवला हो! तेवढ्यात लाल दिवा लागला आणि त्या आत गेल्या. "आत किती जण आहात?" त्यांचा आवाज पार्टिशनमधून येत होता. मी मान खाली घालून बिलं काढत बसलो.

त्याच दुपारी मी साइटवरून फोटो काढून टाकले, फॉर्म तेवढा खात्यात शिल्लक राहिला. जाहिरातीविरुद्ध तक्रारही नोंदवली. पण जाहिरात हलेना. आणि मी तोंड उघडलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, फोटो तर काढलेत, जाहिरातही जाईल, कशाला उगाच?

दुसऱ्या आठवड्यात प्रकरण मावशींच्या घरमालकांच्या कानावर गेलं. मालकांचं खालच्या मजल्यावर बॅटऱ्यांचं दुकान. कोणीतरी आगाऊ रक्कम भरून बसलेला माणूस थेट दुकानात शिरला आणि किल्ली मागायला लागला. मालक तडक वर गेले. माझी खोली परस्पर भाड्याने लावता? लोकांकडून पैसे घेता? रविवारी माणसांची रांग लागते, मला दिसत नाही? चहा पाजता त्यांना! महिनाअखेर खोली रिकामी करा.

मावशींनी हे मला सांगितलं ते लिफ्टचा नंबर सांगावा तसं.

"बारावी शोधायला हवी. आणि मास्तर, 'बाहेर पडताना'चे फोटो या वेळी तू काढ. कोपऱ्यात वाकलं की माझे गुडघे उठू देत नाहीत."

"पण तुम्ही काही केलंच नाहीये! सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणतात, मग पत्ता बरोबर कसा? मला तरी कुठे माहीत आहे?" त्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिल्या. "सहा वर्षं झाली इथे. एवढी कुठेच नाही राहिले. दहा खोल्यांत मी कधी भिंतीला खिळा ठोकला नाही. सोडताना भोक दाखवतात ना. इथे चौथ्या वर्षी ठोकला. कॅलेंडर लावलं. म्हटलं, आता काय."

खिळ्याचं ऐकल्यावर मात्र माझ्याने राहवेना. तरी त्यांना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "मी बोलतो मालकांशी."

शनिवारी दुपारी आम्ही दोघं दुकानात गेलो. काउंटरवर बॅटऱ्यांची रास, ॲसिडचा वास, आणि मालक चष्म्यावरून बघत होते.

"हा कोण?"

"आमच्या ऑफिसातला मास्तर," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं याला."

मी लॅपटॉप उघडला. आधी चपलांचा मुद्दा मांडला. हा मूळ फोटो, ही जाहिरात, इथे बघा, चपला पुसल्यात, रेघा जुळत नाहीत. मालकांनी नीट बघितलं.

"चपला पुसल्या, बरं. बाईंनीच कशावरून पुसल्या नाहीत? पत्त्याचं बोल. त्या चोराला काय स्वप्नात दिसला माझा पत्ता?"

मी मावशींकडे बघितलं नाही. खातं उघडलं, फॉर्म काढला आणि स्क्रीन मालकांकडे फिरवली.

"पत्ता मी लिहिला होता. फोटो मीच चढवले. यांनी ही खोली घालू नको म्हणून सांगितलं होतं. यांना यातलं काही माहीत नाही."

मालक एकेक रकाना मोठ्याने वाचायला लागले. शांत, हवेशीर. एका माणसाला पुरेशी. तिसरा मजला. इमारत. रस्ता. "खाली बॅटऱ्यांचं दुकान?" त्यांनी चष्मा काढला. "माझं दुकानही घातलंस?"

"खूण म्हणून."

"फोन नंबर तेवढा राहिला की रे!"

"त्याचा रकाना नव्हता."

मालकांनी चष्मा काउंटरवर ठेवला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि हसू आवरेना तेव्हा ते काउंटरवर हात टेकून उभे राहिले. बाजूला मावशी मात्र हसत नव्हत्या. त्यांनी ऑफिसातल्या त्याच आवाजात, जो मी दोन वर्षं पार्टिशनमधून ऐकत होतो, मला विचारलं:

"किती दिवस झाले हे तुला माहीत असून?"

"बारा."

"बारा दिवस एकटाच आत अडकून बसला होतास?" त्या म्हणाल्या. "बटण दाबायचं ना."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मालकांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, झाला प्रकार स्वतःच्या अक्षरात, खाली सही. ("अक्षर चांगलंय," ते म्हणाले, "अक्कल तेवढी बघ.") मावशींना म्हणाले, "राहा बाई. पण हे येणं-जाणं बंद." आणि पुठ्ठ्यावर जाड पेनने लिहून जिन्याच्या तोंडाशी टांगलं: इथे खोली भाड्याने नाही.

बाहेर आलो. माफी मागायला मी तोंड उघडलं तर मावशींनी हात वर केला.

"माफीबिफी नको. शिक्षा आहे. एका रविवारी यायचं. दार वाजवायचं. खोली बघायची. नीट बघायची हां, नळ सोडून, खिडकी लावून, भिंत मोजून. चहा घ्यायचा. आणि मग, आवडली नाही म्हणून निघून जायचं."

"एवढंच?"

"एवढंच कुठे? तीन जिने आहेत."

नऊ दिवसांनी ती जाहिरात साइटवरून गेली. त्याच्या पुढच्या सोमवारी मी पार्टिशनवरून विचारलं, "काल?"

"कोणी नाही."

"बरं झालं की."

"हो," मावशी म्हणाल्या. "बरं झालं." त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते. "त्या सेटमधले दोन कप अजून कागदातच आहेत बघ. उघडायची वेळच आली नाही."

"मी येतो ना या रविवारी."

"ये."

त्या रविवारी माझ्या खोलीतल्या पार्टनरचं सामान हलवायचं होतं. पुढच्या रविवारी ताप. त्याच्या पुढच्याला काय होतं आठवत नाही, काहीतरी होतंच. मावशींनी एकदाही आठवण करून दिली नाही. सोमवारी माझ्याकडे बघायच्या, मी काहीतरी पुटपुटायचो, आणि दिवा लागायचा. सहा महिन्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला जास्त पगाराची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी मावशी एका अडकलेल्या माणसाशी बोलत होत्या. तो नवव्या मजल्यावर मुलाखतीला निघाला होता. मी पार्टिशनशी दहा मिनिटं उभा राहिलो. त्यांनी हेडफोनवर हात ठेवला आणि ओठांनीच म्हणाल्या, रविवारी. मी मान हलवली आणि निघालो.

आता वर्ष होत आलं. नव्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये आमच्याच जुन्या कंपनीचं लाल बटण आहे. रोज दोनदा मी त्याच्यासमोर उभा असतो. लिफ्ट अजून एकदाही अडकलेली नाही. देखभाल चांगली आहे, हे मी जुना माणूस म्हणून सांगतो.

मध्ये एकदा गेलो होतो. रविवारच, सकाळी अकराची वेळ. खिशात टेपसुद्धा होती, भिंत मोजायला मुद्दाम विकत घेतलेली. जिन्याच्या तोंडाशी तो पुठ्ठा अजून टांगलेला होता, शाई विटलेली. मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी होती. वाटलं, एवढ्या दिवसांनी जाऊन म्हणायचं काय? आवडली नाही, असं? मालक दुकानातून डोकावले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"खोली बघायला आलात का? इथे भाड्याने नाही."

"नाही, नाही," मी म्हटलं. "एक बॅटरी द्या."

ती बॅटरी माझ्या कुठल्याच वस्तूत बसत नाही. टेबलाच्या खणात पडून आहे, टेपशेजारी. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. तशी मागच्या रविवारीही होती.